आईच्या नावे कोर्टाचं समन्स आलंय, विधी सेवा समितीचा मोफत वकील घ्यावा का?

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, जमीन वडिलोपार्जित आहे, आणि आता काकांनी दावा टाकलाय की वडिलांनी हयात असतानाच आपला हिस्सा सोडला होता, जमीन एकट्या काकांची आहे, तर आईला शेतात यायला मनाई करा. समन्स मिळून आठ दिवस झाले, तारीख बारा दिवसांवर आहे. आई मजुरीला जाते, तुमचा पगार १४ हजार. तालुका विधी सेवा समितीत गेलात तर तिथल्या ताईंनी फॉर्म दिला, पण कैफियतीत (दाव्याला कोर्टात द्यायच्या लेखी उत्तरात) काय लिहायचं आणि आपण जिंकू का असं विचारल्यावर "ते मला सांगता येणार नाही" म्हणाल्या, आणि तुम्ही वैतागून फॉर्म न भरताच घरी आलात. आता विचारताय की हे सगळं नुसतं दाखवायला असतं का, आणि व्याजाने पैसे काढून खाजगी वकील लावावा का.

मी एकोणीस वर्षं दिवाणी कोर्टात वकिली करतोय आणि त्यातली अकरा वर्षं विधी सेवेच्या पॅनलवर, म्हणजे मोफत केसेस घेणाऱ्या वकिलांच्या यादीत होतो, तुम्ही ज्या टेबलासमोरून उठून आलात तसल्या टेबलावरही मी बरेच दिवस बसलोय. तर आधी उत्तर सांगतो, कारण मग सांगतो. फॉर्म उद्याच भरा, आईच्या नावाने. व्याजाने पैसे काढू नका.

तुमचा वैताग मला कळतो. पण तुम्ही योग्य प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलात एवढंच झालंय. त्या टेबलावर बसलेली व्यक्ती बहुतेक वेळा विधी स्वयंसेवक असते, म्हणजे थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं, शिक्षिका, अंगणवाडीतल्या ताई, कायद्याचे विद्यार्थी वगैरे. कधीकधी वकीलही बसतो, पण तो त्या दिवशी तुमचा वकील म्हणून बसलेला नसतो. त्यांचं काम म्हणजे तुमची अडचण ऐकायची, फॉर्म भरून घ्यायचा, कागद काय लागतील ते सांगायचं, साधा अर्ज लिहून द्यायचा, केस कुठल्या कोर्टात कुठल्या टप्प्यावर आहे ते बघून द्यायचं आणि योग्य जागी पाठवायचं. "तुमची केस मजबूत आहे, हे लिहा, ते लिहू नका" हे त्यांनी सांगायचं नसतं, आणि त्याला एक कारण आहे जे पटकन लक्षात येत नाही. उद्या तुमच्या काकू त्याच टेबलासमोर येऊन बसू शकतात. त्याही बाई आहेत, त्यांनाही मोफत वकील मागायचा तेवढाच हक्क आहे. ते ऑफिस दोन्ही बाजूंसाठी उघडं असतं म्हणून तिथे बसलेल्या माणसाने एका बाजूचा सल्लागार व्हायचं नसतं.

मात्र एकदा का वकील नेमला गेला आणि आईने वकीलपत्रावर सही किंवा अंगठा केला की तो माणूस पूर्णपणे तुमचा. पैसे सरकारी फंडातून जातात म्हणून तो सरकारचा होत नाही. आईने त्याला सांगितलेली गोष्ट त्याने बाहेर बोलायची नाही, काकांच्या बाजूला मदत करायची नाही, आणि कैफियतीत काय लिहायचं हा प्रश्न त्यालाच विचारायचा.

आता पात्रतेचं बघू, कारण इथे बरेच लोक विनाकारण माघारी जातात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून, आणि त्याच्या कलम १२ मध्ये कुणाला मोफत मदत मिळते ते लिहिलंय. स्त्रिया, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीत किंवा तुरुंगात असलेला माणूस, कारखान्यातला कामगार, पूर-भूकंप-दुष्काळाचा फटका बसलेले लोक, या सगळ्यांना उत्पन्नाची अट लागूच नाही. आई बाई आहे, बस्स, संपलं. तिने किती मजुरी मिळवली, तुमचा पगार किती, हे कुणी विचारलं तरी त्यावरून तिचा अर्ज नाकारता येत नाही. याशिवाय ज्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे त्यांनाही मिळते, महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख आहे. तुमचे १४ हजार गुणिले बारा म्हणजे १ लाख ६८ हजार, म्हणजे तुम्हीसुद्धा बसता. हे यासाठी सांगतोय की वडिलांचे वारस म्हणून आईबरोबर तुमचंही नाव दाव्यात प्रतिवादी म्हणून असण्याची शक्यता फार आहे, आणि लग्न झालेली बहीण असेल तर तिचंही. समन्सला जोडलेल्या दाव्याच्या पहिल्या पानावर नावं बघा. प्रत्येकाने आपापला अर्ज द्यायचा, उत्पन्नाबद्दल साधं प्रतिज्ञापत्र चालतं. फक्त उत्पन्न खोटं लिहू नका, नंतर उघड झालं तर मदत काढून घेतात.

बहिणीबद्दल थोडं जास्त बोलतो. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील आणि तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू असेल तर त्यांच्या हिश्श्यात आई, तुम्ही, बहीण असे सगळे सारखे वारस, आणि आजी हयात असेल तर तीही. सध्या सगळे एका बाजूला आहात तोवर एकच वकील चालेल. पण बहिणीच्या मनात काही वेगळं असेल तर ते आत्ताच मोकळेपणी बोला, तिला वेगळा वकील मिळू शकतो आणि तेच बरं असतं. एकाच वकिलाने दोघांचं काम घेतलं आणि मध्येच दोघांचं पटेनासं झालं की त्याला कुणाचंच काम नीट करता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. विधी सेवा समिती तुम्हाला वकील देते, वेळ देत नाही. अर्ज केला म्हणून कोर्टाचं घड्याळ थांबत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते, कोर्ट कारण बघून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण वाढवून मिळेलच असं धरून बसायचं नाही. तुमचे आठ दिवस गेलेत, बावीस उरलेत. अर्जावर जास्तीत जास्त ७ दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे, प्रत्यक्षात कुठे दोन दिवसांत होतं तर कुठे मागे लागावं लागतं, त्यात वकील नेमल्याचं पत्र निघणार, मग त्याची तुमची गाठ पडणार, मग तो कागद वाचणार. म्हणजे बावीस दिवस दिसतात तेवढे नाहीत.

म्हणून अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, शिक्का मारून घ्या. बारा दिवसांनी जी तारीख आहे त्या दिवशी वकील मिळालेला असो वा नसो, आईला घेऊन सकाळी कोर्टात हजर राहा. पुकारा झाला की उभं राहायचं, आणि एक साधा अर्ज द्यायचा की आम्ही विधी सेवा समितीकडे अमुक तारखेला वकिलासाठी अर्ज केलाय, वकील मिळेपर्यंत मुदत मिळावी, सोबत पोच जोडलीय. हा अर्ज तुम्हाला त्याच टेबलावरच्या ताई लिहून देतील, हे त्यांचं कामच आहे. मी तरी असा अर्ज घेऊन समोर उभ्या राहिलेल्या बाईला कोर्टाने मुदत नाकारल्याचं पाहिलेलं नाही. उलट "समितीत अर्ज केलाय ना, आता वकील बघेल" म्हणून घरी बसलेल्या लोकांवर एकतर्फी, म्हणजे त्यांचं न ऐकताच हुकूम झालेले मी बरेच पाहिलेत. तो रद्द करून घ्यायला परत अर्ज, कारण पटवून द्यायचं, त्यालाही ३० दिवसांची मुदत, आणि तोवर समोरचा तो हुकूम घेऊन पुढच्या हालचाली करत असतो.

तुमच्या केसमध्ये अजून एक गोष्ट आहे ज्याची मला जास्त काळजी वाटते. काकांनी मनाई मागितलीय म्हणजे दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा अर्ज जवळजवळ नक्की असणार, कोर्टात त्याला निशाणी ५ चा अर्ज म्हणतात. दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातील पण निशाणी ५ वर काही आठवड्यांतसुद्धा हुकूम होऊ शकतो, आणि शेतात पुढची पेरणी कोण करणार हे त्यावरच ठरतं. कागदांत तो अर्ज आहे का बघा. असेल तर विधी सेवेच्या फॉर्मवर वरच ठळक लिहा की निशाणी ५ प्रलंबित आहे, तातडीने वकील द्यावा. ताईंना तोंडी पण सांगा. तातडी कुठली हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही, त्यांच्या टेबलावर त्या दिवशी वीस फॉर्म असतात आणि सगळे सारखेच दिसतात.

कागदांचं बोलू, कारण मोफत वकिलाचं काम बिघडण्याचं कारण माझ्या अनुभवात निम्म्या वेळा हेच असतं की माणूस रिकाम्या हाताने येतो. वकील कायदा आणू शकतो, तुमच्या घरातली पेटी उघडू शकत नाही. सातबारा आणि आठ-अ ताजे काढा, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुने फेरफार, म्हणजे सातबारावरची नावं कधी कशी बदलली त्याच्या नोंदी. काका म्हणतात वडिलांनी हिस्सा सोडला, तर तो कशाने सोडला? नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र आहे का, की नुसती तलाठ्याकडे वर्दी देऊन फेरफार करून घेतलाय? हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो, आणि फेरफार नोंद ही महसुलासाठी असते, नुसत्या तिच्यावरून मालकी येत नाही की जात नाही. पण मी दावा वाचलेला नाही, काकांकडे नोंदणीकृत दस्त असेल तर चित्र वेगळं, जुनं वाटप झालेलं असेल तर अजून वेगळं, म्हणून यावर "जिंकाल" असं मीही म्हणणार नाही. तुम्ही फक्त तो फेरफार क्रमांक शोधून त्याची नक्कल काढा आणि वडिलांच्या सह्या असलेले दोनचार जुने कागद बाजूला ठेवा. शेत प्रत्यक्ष कोण कसत होतं हे दाखवणारं काहीही चालेल, पीक पाहणीची नोंद, सोसायटीच्या कर्जाचा कागद, बियाण्याच्या पावत्या, वडिलांच्या नावचं विहिरीचं लाईटबिल. निशाणी ५ मध्ये ताबा कुणाचा हेच पहिलं बघतात.

खर्चाचं विचारलंत. वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स-नोटीस बजावण्याचा खर्च, कोर्टाच्या नकला, टायपिंग, हे सगळं विधी सेवेकडून होतं. येण्याजाण्याचं भाडं, आईची बुडणारी मजुरी, महसूल ऑफिसातले उतारे असला खर्च बहुतेक वेळा स्वतःचाच धरून चाला. आणि नेमलेल्या वकिलाला एक रुपयाही द्यायचा नाही, चहापाण्याला नाही, झेरॉक्सच्या नावाखाली नाही, त्याने तो मागायचाही नाही असा नियम आहे. मागितलाच तर भांडू नका, सरळ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी द्या. ते स्वतः न्यायाधीश असतात, आणि अशा तक्रारी तिथे गांभीर्याने घेतलेल्या मी पाहिल्यात.

मग "फुकटचा वकील मन लावून काम करतो का" हा तुमचा खरा प्रश्न. मनापासून सांगतो, माणसावर आहे. पॅनलवरचे वकील हे तुमच्याच कोर्टातले रोजचे वकील असतात, मानधन कमी असतं, ते उशिरा येतं, आणि काहीजण त्यामुळे या केसेस मागे टाकतात हे मी नाकारणार नाही, मला त्याचं वाईट वाटतं. पण पॅनलवर मी असेही लोक पाहिलेत की ज्यांनी विधवेच्या केससाठी रात्री बसून वीस वर्षांचे फेरफार एकाखाली एक लावलेत. खाजगी वकिलाला ५० हजार दिले म्हणून तो मन लावेल याचीही कुणी हमी देत नाही. तेव्हा फीवरून माप काढू नका, पहिल्या भेटीवरून काढा. त्याने दावा पूर्ण वाचलाय का, तुम्हाला कागद मागितले का, कैफियत दाखल करायच्या आधी आईला तिच्या भाषेत वाचून दाखवली का, दाखल केलेल्या कागदाची प्रत दिली का. हे होत असेल तर निर्धास्त राहा. दोन भेटी ठरवून तो आलाच नाही, तारखेला हजर राहिला नाही, तर तारखा घालून समितीला लिहा आणि वकील बदलून मागा. मोफत मदतीवर लक्ष ठेवायला समिती असते, वकील बदलून मिळतो. मात्र एकीकडे हा वकील आणि दुसरीकडे गुपचूप खाजगी, असं करू नका, दुसरा वकील लावला तर मोफत मदत बंद होऊ शकते आणि मधल्या मधे कैफियत राहून जाते.

अर्ज नाकारला गेला तर? त्याच विधी सेवा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तुमच्या म्हणण्यात प्रथमदर्शनी काही तथ्य आहे एवढं बघितलं जातं. आईच्या बाबतीत नाकारायचं कारण मला तरी दिसत नाही, पण नाकारलाच तर कारण लेखी मागा, वर अपील करता येतं. कुणाला ऑफिसला जाणंच जमत नसेल तर १५१०० हा हेल्पलाईन नंबर आहे.

आता तडजोडीबद्दल, कारण भावकीचा दावा आहे म्हटल्यावर कधी ना कधी "लोकअदालतीत मिटवून टाका" हा विषय निघणारच. लोकअदालत चांगली गोष्ट आहे, भरलेली कोर्ट फी परत मिळते, वर्षानुवर्षांचं भांडण एका दिवसात संपलेलं मी पाहिलंय. पण तिथे तुमच्या संमतीशिवाय काहीही होऊ शकत नाही, आणि संमती दिलीत की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही. म्हणून आईला आत्ताच समजावून ठेवा की वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, आणि "नाही" म्हटलं तर केस जिथे होती तिथून पुढे चालते, कोर्ट रागावत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक तडजोड मला अजून टोचते. दोन भावांच्या विधवा होत्या, क्षेत्र बरोबर वाटलं, गट नंबर बरोबर लिहिले, सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि आतल्या तुकड्याला जायचा रस्ता कुठून हे लिहायचं माझ्या हातून राहिलं. ती बाई जमीन मिळूनही दोन वर्षं औत नेऊ शकली नाही, नंतर रस्त्यासाठी तिला वेगळी केस करावी लागली. तेव्हापासून तडजोडीच्या कागदात रस्ता, विहिरीच्या पाण्याची पाळी, बांधावरची झाडं आणि मोजणीचा खर्च कुणी करायचा हे चारही लिहिल्याशिवाय मी कुणाला सही करू देत नाही. तुम्हीही हे चार शब्द लिहून ठेवा.

आणि काय होत नाही ते पण स्पष्ट असू दे. समिती काकांना बोलावून दम देऊ शकत नाही, प्री-लिटिगेशनमध्ये, म्हणजे दावा दाखल व्हायच्या आधी, नोटीस काढून बोलावू शकते पण आलं नाही तर जबरदस्ती नाही. सातबारावरचं नाव ती बदलू शकत नाही, ते महसूल खात्याचं काम. साक्षीदार शोधून आणत नाही, शेजारच्या शेतकऱ्याला साक्षीला तयार करणं तुम्हालाच जमेल. आणि आज मिळालेला वकील या दाव्यापुरता असतो. निकाल विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, त्यासाठी नवीन अर्ज. निकाल तुमच्या बाजूने लागून समोरचा ऐकत नसेल तर दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज, लावावी लागते, तिलाही नवीन अर्ज. निकालाच्या दिवशीच नकलेसाठी अर्ज टाकायचा, नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात पण अर्ज उशिरा टाकला तर मधले दिवस गेलेच.

उद्या जाताना समन्स आणि सोबतचे सगळे कागद, आईचं आधार, दोन फोटो, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि सातबारा एवढं घेऊन जा, आईला बरोबर न्या कारण अर्जावर सही तिची लागणार. निघायच्या आधी आज रात्री कागद उलटून निशाणी ५ चा अर्ज आहे का तेवढं बघा आणि इथे कळवा. असेल तर त्याला म्हणणं द्यायची तारीख काय लिहिलीय ते मला आधी हवंय.